सगळ्यात हळू चालणाऱ्याची सहल

लोणावळ्यात खोली शोधत फिरत होते तेव्हा बहुतेक घरांत मला आधी आडनाव विचारलं गेलं. ते ऐकल्यावर काहींनी भाडं वाढवलं, काहींची खोली नेमकी कालच गेलेली निघाली. मी तळेगावजवळच्या वराळ्याची, बौद्ध घरातली, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. असल्या उत्तरांची सवय होती. वाद न घालता पायऱ्या उतरायचे. शेवटच्या घराच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मावशींनी, आडनाव विचारलं नाही. दारात उभ्या राहून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुझ्या घरात सगळ्यात हळू कोण चालतं?"

मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते. म्हटलं, "आमचे आप्पा. का?"

"खोली माडीवर आहे. ते भेटायला आले तर जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवावी लागेल. आधी सांगत जा."

खोली मिळाली. आणि आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा वळणावर खरंच खुर्ची होती.

मावशी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडले. आग्रा, ग्वाल्हेर, विजापूर, भोपाळ ही गावं त्यांनी आवाजांवरून ओळखलेली. कुठल्या गावचा ऑपरेटर खाकरून बोलायचा, कुठला "नमस्कार बहनजी" म्हणायचा, हे त्या आम्हांला नक्कल करून दाखवायच्या. निवृत्त झाल्यावरही फोनवर बोलायचं म्हटलं की त्या पदर सारखा करून ताठ उभ्या राहायच्या. बसून फोन केलेला मी कधी पाहिला नाही. "समोरच्याला कळतं," म्हणायच्या. "बसलेल्याचा आवाज बसलेला असतो."

या बाईंना एक नाद होता. त्या लोकांच्या सहली आखून द्यायच्या. ओळखीच्या, गरजेपुरतं कमावणाऱ्या माणसांच्या. हॉटेलात भांडी घासणारी बाई, रिक्षावाला, चिक्कीच्या दुकानात काउंटरला उभा राहणारा माणूस. सहल जुन्या वास्तूंची, जुन्या शहरांचीच. देवदर्शनाला जायचं असेल तर त्या सांगायच्या, "त्याला मी कशाला? देव बोलावतोच. राजवाडे कुणाला बोलावत नाहीत, तिथं आपणच जावं लागतं."

त्यांचे नियम ऐकून माणसं हसायची, काही चिडायची. पहिला नियम असा की, लोणावळ्याच्या माणसानं लोकांच्या सुट्टीत सुट्टी घ्यायची नाही. "दुसऱ्याची सुट्टी ही आपली मजुरी. आपल्याकडं शुकशुकाट असतो ना, पोरांच्या परीक्षा चालू असतात ना, तेव्हा निघायचं. तेव्हा सगळीकडंच खोल्या ओस असतात, आणि ओस खोलीचा मालक नरम असतो." दुसरा नियम, एका गावात एकच गोष्ट बघायची. चिक्कीवाल्या शेजाऱ्यांनी या नियमावरून त्यांच्याशी भांडण काढलं होतं.

"एवढं विजापूरला जायचं आणि एकच घुमट बघून यायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का तुमच्याबरोबर?"

"नाही, पण तिथं अजून बरंच आहे म्हणतात."

"असू दे की. दुसऱ्यांदा जायला काहीतरी ठेवा. सगळं एकदाच बघितलं तर रिक्षावाल्याचं भलं होतं, तुमचं नाही."

ते गेले, गुपचूप सगळं बघून आले, आणि परत आल्यावर त्यांना कुठला दरवाजा कुठल्या इमारतीचा ते सांगता येईना. मावशींनी त्यांना महिनाभर "या, विजापूरकर" म्हणून हाक मारली.

राहायची जागा ठरवायची त्यांची रीत तर मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. मोबाइलवरचे फोटो आणि लोकांनी दिलेल्या चांदण्या त्यांना चालत नसत. नंबर मिळवायच्या, उभ्या राहायच्या आणि थेट फोन लावायच्या. आधी विचारायच्या, जिना आहे का. मग पाणी कधी येतं. मग बसायचा संडास आहे का. भाड्याचं सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्याच्याही आधी एक प्रश्न ठरलेला: "भैया, आज आपके यहाँ भाजी क्या बनाया?"

"मॅडम, आपको रूम चाहिए कि भाजी?"

"रूम चाहिए. भाजी बताओ."

एकानं पनीर, मशरूम, काय काय मोजून दाखवलं. मावशींनी "ठीक है" म्हणून फोन ठेवला आणि त्या जागेवर काट मारली. दुसरा म्हणाला, "लौकी है माताजी, आज अच्छी नहीं बनी." मावशींनी तिथल्या तिथं खोली ठरवली. मी म्हटलं, "अहो मावशी, दुधी भोपळ्याच्या भाजीवर खोली?" त्या म्हणाल्या, "जो भाजीचं खरं सांगतो, तो पाण्याचं खोटं सांगत नाही. ऑपरेटरला एवढं कळतं, पदवीधर."

पदवीधर हे माझं त्यांच्या तोंडी नाव. कधी कौतुकानं, बऱ्याचदा टोमण्यानं.

मला एका रिसॉर्टच्या हिशेबखात्यात नोकरी लागली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आई-आप्पांना दिल्ली-आग्रा दाखवायचं. बसची टूर होती. दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री, जयपूर, सगळं एका दमात, आणि भाव परवडण्यासारखा. आमच्या घरातलं कुणी महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. आईनं शेतात मजुरी केली, आप्पांनी तळेगावकडच्या एका फाउंड्रीत कंत्राटावर उभा जन्म काढला. ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी ताजमहालासमोर उभं करणार, हे माझ्या डोक्यात फोटोसकट तयार होतं. मावशींना सांगितलं ते परवानगीसाठी नव्हे. त्यांनी नुसतं विचारलं, "तालीम केली का?"

तालीम हा त्यांचा तिसरा नियम. निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी, भरलेल्या सामानासकट, एक दिवस जवळच्या जवळ हिंडून यायचं. कोण दमतं, कोण रुसतं, कोणाला किती वेळानं भूक लागते, ते इथंच कळू द्यायचं. "गाण्याची तालीम होते, लग्नाची सुपारी फुटते. एवढ्या लांबच्या प्रवासाला मात्र माणसं तशीच उठून जातात."

मला हा पोरखेळ वाटला. पण मावशींना नाही म्हणणं सोपं नव्हतं. एका कामाच्या दिवशी आई, आप्पा आणि पवनानगरला पर्यटकांच्या तंबूंवर काम करणारा माझा धाकटा भाऊ तळेगावहून लोकलनं मळवलीला उतरले. मी आणि मावशी लोणावळ्याहून आलो. तिथून भाजे लेण्यांपर्यंत चालत जायचं, वर चढायचं, डबा खायचा आणि परत. आईची पिशवी मावशींनी फलाटावरच उघडली. आत कुकर होता.

"हा कुणासाठी?"

"लागतो वो मावशी. परमुलखात डाळ शिजंल का न्हाई, काय भरवसा?" आई म्हणाली.

"ताजमहालाला वरण-भात भरवायचाय का?"

भाऊ हसला. आईही तोंडाला पदर लावून हसली. आप्पा हसले नाहीत. ते आधीच एका हातानं खांब धरून उभे होते, आणि मी तेव्हा ते पाहिलं तरी माझ्या लक्षात आलं नाही. काही गोष्टी रोज बघितल्या की दिसत नाहीत.

महामार्गावरचा पूल ओलांडून आम्ही गावातून लेण्यांच्या पायथ्याला आलो. भाऊ पुढं, आई त्याच्या मागं, मग मी. पायऱ्या सुरू झाल्या तिथं चहाची टपरी होती. आप्पा टपरीच्या बाकड्यावर टेकले, सगळ्यांच्या पिशव्या त्यांनी आपल्या पायांशी ओढून घेतल्या आणि म्हणाले, "तुमी जावा वर. मी हितं पिशव्या सांभाळतो."

आम्हांला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, हात मोकळे झाले. आमच्याकडं हे असंच चालत आलंय. कुठंही गेलो की कुणीतरी एकानं सामानापाशी थांबायचं, आणि ते थांबणं आप्पांकडं. जत्रेत, दवाखान्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात. माझ्या पदवीदानाला सभागृहात पिशव्या नेऊ देत नव्हते. आई आणि भाऊ आत बसले. आप्पा बाहेर झाडाखाली पिशव्या आणि भावाचं हेल्मेट घेऊन उभे. त्यांना कुणी बाहेर थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनीच म्हटलं, आणि आम्ही आत गेलो.

मी दोन पायऱ्या चढले असेन. मागून मावशींचा आवाज आला, एक्स्चेंजमधला, सगळ्या खोलीला ऐकू जाणारा.

"तालीम संपली. खाली या."

"अहो, अजून लेणी बघितली कुठं?"

"लेणी कुठं पळत नाहीत. खाली या."

मला राग आला. सगळ्यांची रजा, सगळ्यांचा रोज बुडवून इथवर आणायचं आणि पायथ्यावरून परत फिरवायचं. मी तोंड वाजवणार होते. पण मावशी आमच्याकडं बघतच नव्हत्या. त्या आप्पांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या होत्या. मी त्यांना कुणाच्या इतक्या जवळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

"दम कधीपासून लागतो?" त्यांनी विचारलं.

"न्हाई लागत. वयोमान हाये."

"आप्पा, मी जन्मभर आवाज ऐकलेत. तुम्ही वाक्य मधे तोडून श्वास घेता. कधीपासून?"

आप्पांनी आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मग आप्पा बोलले. फाउंड्रीतली, साच्यांच्या वाळूची धूळ छातीत बसली होती. सरकारी दवाखान्यात ते एकटेच जाऊन आले होते. छातीचा फोटो काढला होता. "डॉक्टर म्हनलं, ही सुधरायची न्हाई. जपा म्हनलं. बसलो की बरं वाटतं. म्हनून बसतो."

"घरात का न्हाई सांगितलंत?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, खाली गेला होता.

"पोरीची परीक्षा व्हती तवा. मग तिची नोकरी. मग ऱ्हायलंच."

भाऊ उठून रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला. मला सगळं दिसायला लागलं. डोक्यातली ती बस, त्यातले किल्ल्यांचे चढ, वेळेत परत या म्हणून शिट्टी मारणारा टूरवाला, आणि प्रत्येक दारापाशी सामानाजवळ बसलेले आप्पा. दिल्लीपासून जयपूरपर्यंत त्यांनी गाडीतळ बघितला असता.

मी खचले हे मावशींना दिसलं असणार. पण त्या मला समजवायला आल्या नाहीत. आप्पांनाच म्हणाल्या, "तुम्हाला काय बघायचंय?"

"पोरगी दावील त्ये."

"पोरीचं राहू दे. मी विचारतेय."

आम्ही कुणीच त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र आप्पांकडं तयार होतं.

"सांची," ते म्हणाले.

आमच्या वस्तीतल्या विहारात सांचीच्या स्तूपाची तसबीर आहे. जयंतीच्या आधी विहाराला चुना मारायचं काम आप्पा लहानपणापासून करत आले. "चुना मारताना ती तसबीर उतरवायची, पुसायची, पुन्यांदा लावायची. लय वर्सं हातात घेतली. पन त्यात नुसती म्होरली बाजू दिसती. मागनं कसा आसंल, ह्ये कायम मनात येतं."

"मग मागनं बघू," मावशी म्हणाल्या, जणू भाजी मंडईपर्यंतच जायचं होतं.

त्या संध्याकाळी लोणावळ्याला परतल्यावर त्यांनी मला चहा दिला आणि उभ्यानंच एक गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांच्या यजमानांचा एक पाय लहानपणी पोलिओचं वारं गेल्यानं अधू होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दोघं मुलांना घेऊन दौलताबादला गेले. यजमान खाली सामानापाशी बसले, बाकी सगळे वर किल्ल्यावर. "घरी आल्यावर शेजारीपाजारी विचारायचे, काय काय बघितलं? मुलं तोफ सांगायची, अंधारी वाट सांगायची. आणि हे सांगायचे, एक पेरूवाली होती, तिच्या टोपलीत निम्मे पेरू हिरवे होते, तिची मुलगी तिथंच झोपली होती. सगळ्यांना हसू यायचं. मीही हसायचे. पुढच्या वर्षी हे गेले. तेव्हा मला कळलं की ते पेरूवालीबद्दल सांगतच नव्हते. ते सांगत होते, मी बाहेर होतो."

कप घेऊन त्या आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला.

मग त्यांनी आमची सहल नव्यानं आखली. गावं त्यांनी निवडली ती आप्पांच्या पायांनी. पहिलं छत्रपती संभाजीनगर. तिथं बीबी का मकबरा, कारण सपाट बाग, जागोजाग बसायला कट्टे, आणि माझी ताजमहालाची हौसही थोडी फिटेल. मग वेरूळ, पण फक्त तळातलं चैत्य. मनमाडवरून गाडीनं बुऱ्हाणपूर. तिथं तापीकाठच्या जुन्या महालातलं रंगवलेलं छत, कारण ते बघायला चढावं लागत नाही, मान वर केली की झालं. मग भोपाळ, आणि शेवटी सांची. तिथं गाडी टेकडीवर दारापर्यंत जाते, हे त्यांनी तिथल्या धर्मशाळेतल्या माणसाकडून तीनदा वदवून घेतलं. बसच्या टूरपेक्षा खर्चही कमी झाला. गावं कमी, धावपळ कमी, रिक्षा जवळजवळ नाहीत.

"तुम्ही पण चला मावशी," मी म्हटलं.

"मी आले तर तुम्ही मला विचारत बसाल. आप्पांना नाही."

निघायच्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, आप्पा पुढं चालतील, बाकीचे मागं. कुणी ओलांडून जायचं नाही. दुसरी, बघायच्या जागी कुणाच्या हातात काही असणार नाही. सामान धर्मशाळेत. पाण्याची बाटली भावाच्या खिशात. प्रत्येक ठिकाणच्या माणसाशी त्या त्याबद्दल आधीच बोललेल्या होत्या.

यातली पहिली गोष्ट भावाला जड गेली. तंबूंच्या कामात पळायची सवय. मकबऱ्याच्या बागेत तो सारखा पुढं सटकायचा आणि आई त्याचा शर्ट धरून मागं ओढायची. आप्पा एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यापर्यंत चालत. ते थांबले की आम्हीही थांबायचो आणि आपोआप बघायला लागायचो. आईनं विचारलं, "ह्योच का ताजमहाल?"

"त्याच्यासारखा आहे."

"मंग झालं की. आणिक कशाला जायचं तितं?" आईनं माझा हट्ट एका वाक्यात मिटवला.

वेरूळच्या चैत्यात आप्पा खांबाला टेकून बसले आणि उठायचं नाव घेईनात. आम्हीही बसलो. गाईड एका गटाला घेऊन आले, बोलले, गेले. दुसरा गट आला, गेला. बुऱ्हाणपूरला छत बघताना आईची मान अवघडली. मी आता सांगतेय तितकं सुरळीत हे सगळं तेव्हा घडत नव्हतं. मधे आप्पांना एका रात्री इतका खोकला आला की मी परतीची गाडी बघायला लागले. सकाळी तेच म्हणाले, "एकच गाव ऱ्हायलंय. चला."

मावशी गेल्या थंडीत गेल्या. झोपेतच. मुलं परदेशातून येईपर्यंत आम्ही त्यांच्यापाशी बसून होतो. आप्पांना नेता आलं नाही. ते आता अंगणापर्यंत चालतात, तेवढंच. बातमी सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "तितं कुनी व्हतं ना जवळ?" मी होते म्हटलं. चिक्कीवाले शेजारी शोकसभेत बोलायला उठले आणि नुसते हात जोडून खाली बसले. मावशींची खोली अजून रिकामी आहे. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर आहे, आणि मी तो काढत नाही.

सांचीचं सांगायचं राहिलं.

सकाळची वेळ होती. गाडीनं दारापाशी सोडलं. फरसबंद वाट सपाट होती, तरी आप्पांनी वेळ घेतला. दुरून स्तूप दिसला तेव्हा ते थांबले, आणि आम्ही त्यांच्या मागं रांगेत थांबलो, लग्नाच्या वरातीसारखे. तोरणाखालून आत गेल्यावर ते दगडी कठड्याला हात लावत डावीकडून निघाले. कठडा आणि स्तूप यांच्यामधली ती वाट अरुंद आहे, सावलीची आहे. आप्पा चार पावलं चालत, थांबत, हात लावत, पुन्हा चालत. मागच्या बाजूला पोचल्यावर त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मागनं बी तसाच हाये गं," ते मला म्हणाले. "मागली बाजू न्हाईच ह्याला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी. मी म्हटलं, "पोचलो मावशी, फार सुंदर आहे, तोरणावर हत्ती आहेत..."

"तू नको. आप्पांना दे."

आप्पांना मोबाइल धरायची सवय नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. फोनवर ते नेहमी "बरं हाये, ठेवू का" यापलीकडं बोलत नसत. पलीकडून मावशी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आप्पांनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा भावाकडं, एकदा माझ्याकडं. आम्हां तिघांचे हात रिकामे होते.

"व्हय मावशी," ते म्हणाले. श्वास घेतला. "आत हाये मी."

मग पुन्हा श्वास घेऊन, जरा मोठ्यानं, जणू तिकडं लांब कुणाला तरी नीट ऐकू जायला हवं होतं:

"आमी समदीच आत हाये. भायेर कुनी न्हाई."